फुटपाथवर राहणाऱ्या मुलाचं नाव शाळेत घालताना

शाळेच्या ऑफिसात पहिला प्रश्न हमखास येतो, "राहता कुठे?" आणि फुटपाथवर, पुलाखाली किंवा स्टेशनच्या भिंतीला ताडपत्री बांधून राहणारे बरेच आईबाप तिथूनच परत फिरतात. खरं तर उत्तर "पुलाखाली" असलं तरी मुंबई महापालिकेच्या शाळेत प्रवेश मिळतो, मिळालाच पाहिजे. अशा मुलाचं नाव घालायला तुम्ही सोबत जाणार असाल, मग तुम्ही शिक्षक असा, अंगणवाडी ताई असा किंवा नाक्यावरचे दुकानदार, तर पुढचं सगळं आधी वाचून जा. हक्क माहीत असून भागत नाही. कोणत्या टेबलावर काय बोलायचं तेही ठाऊक हवं.

कायदा, थोडक्यात

मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत आठवीपर्यंत मोफत शिक्षण, हे त्याचं कलम ३. महाराष्ट्राच्या नियमांत 'जवळची' म्हणजे पहिली ते पाचवीला १ किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीला ३ किलोमीटरच्या आत. पालिकेच्या शाळेत नाव घालायला राहण्याचा पुरावा लागतो असं हा कायदा कुठेही म्हणत नाही. उलट स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे बघणं कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे इथे महापालिकेवर टाकलं आहे.

आणखी तीन कलमं तोंडपाठ असू द्या. कलम १४: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १५: शाळा सुरू होऊन महिने उलटले तरी प्रवेश नाकारता येत नाही. कलम ५: दुसऱ्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

खाजगी शाळांत याच कायद्याने गरीब मुलांसाठी राखून ठेवलेल्या, लॉटरीने मिळणाऱ्या २५ टक्के जागांची गोष्ट वेगळी. तिथे ऑनलाइन अर्ज, नकाशावर घराची खूण आणि राहण्याचा पुरावा लागतो. भाड्याचं घर असेल तर नोंदणीकृत करार मागतात. ज्याचं घरच ताडपत्रीचं त्याने त्या लॉटरीच्या नादात जूनपर्यंत थांबू नये. आधी पालिकेच्या शाळेत नाव घाला.

कुठल्या शाळेत, कुणाला भेटायचं

मुंबई महापालिका आठ भाषांत शाळा चालवते: मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड. बाहेरून एक दिसणाऱ्या इमारतीत पुष्कळदा दोन-तीन माध्यमांच्या वेगवेगळ्या शाळा असतात, प्रत्येकीचे मुख्याध्यापक वेगळे, कधी सकाळ-दुपारची पाळीही वेगळी. गेटवरच्या रखवालदाराने "इथे जागा नाही" म्हटलं, तर तो नेमक्या कुठल्या शाळेबद्दल बोलतोय हेही बहुधा त्याला माहीत नसतं. मजल्यावर जाऊन मुख्याध्यापकांनाच भेटा. प्रवेशाचा निर्णय त्यांचा असतो. शाळा भरल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने गेलात तर बोलायला वेळ मिळतो. परिपाठाच्या वेळी किंवा खिचडी वाढताना जाऊ नका.

माध्यम निवडताना मूल खेळताना कुठली भाषा बोलतं ते बघा. इंग्रजी माध्यमाचा मोह सगळ्यांनाच असतो, पण दहाव्या वर्षी प्रथमच शाळेत येणाऱ्या मुलाला अक्षरओळख आणि परकी भाषा एकदम पेलत नाही. भावंडं आधीच एखाद्या शाळेत असतील तर तीच शाळा बरी. एकमेकांचा हात धरून रस्ता ओलांडतात, हे मुंबईत काही लहान कारण नाही.

सोबत मूल हवं, आणि आई, बाप, आजी, मावशी यांपैकी जो सांभाळतो तो एक माणूस. दोघं पालक हवेतच असं नाही. मुलाचे दोन फोटो आणि असेल तो कागद घ्या. लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, अंगणवाडीत नाव असल्याची चिठ्ठी, काहीही चालेल.

वय कसं ठरवायचं

जन्मदाखला नसेल तर रुग्णालयाच्या नोंदवहीतली नोंद, अंगणवाडीच्या रजिस्टरमधली नोंद किंवा पालकाने प्रतिज्ञापत्राने केलेलं वयाचं निवेदन, यांतलं कुठलंही एक पुरतं. सरकारी कामासाठीच्या प्रतिज्ञापत्राला राज्यात मुद्रांक शुल्क माफ आहे. कोणी ५०० रुपयांचा स्टँप पेपर आणायला सांगितला तर आणू नका, साधा कागद घ्या.

तारीख आठवत नसेल तर सण आणि प्रसंग विचारा. "लॉकडाऊन लागला तेव्हा अंगावर पीत होता का पोटात होता?" एवढ्या एका प्रश्नाने २०२० च्या अलीकडचं की पलीकडचं ते कळतं. मग "गणपती झाले होते का? पाऊस होता का?" असं करत महिन्यापर्यंत पोचता येतं. इतकी तसदी कोणी घेत नाही म्हणून तर महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांचा एवढा मोठा गोतावळा आहे. १ जून लिहिलं म्हणून आभाळ कोसळत नाही, पण नंतर खरा जन्मदाखला सापडला आणि त्यावर १७ सप्टेंबर निघाला की आधार, शाळा आणि दहावीचा अर्ज यांत ताळमेळ बसत नाही.

म्हणून जन्मदाखल्याचा शोध प्रवेशानंतर तरी जरूर घ्या. बाळंतपण मुंबईतल्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयात झालं असेल तर नोंद बहुधा असते, फक्त कोणी दाखला आणायला गेलेलं नसतं. नोंद होते ती जिथे जन्म झाला त्या विभागात, कुटुंब राहतं तिथे नव्हे. केईएममध्ये जन्मलेल्याची एफ दक्षिण वॉर्डात, सायन रुग्णालयात जन्मलेल्याची एफ उत्तर वॉर्डात. आई माहीमला राहते म्हणून माहीमच्या वॉर्डात शोधत बसाल तर नोंद मिळणार नाही. आईचं तेव्हा लिहिलेलं नाव (माहेरचं असू शकतं) आणि अंदाजे तारीख एवढं घेऊन जा. दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी असेल तर घाबरू नका, नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत नाव घालता येतं. नोंदच नसेल तर एक वर्षानंतरच्या नोंदणीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि त्यात महिने जातात. प्रवेश त्यासाठी अडवून ठेवू नका.

तान्ह्या बाळांच्या आयांना मात्र आत्ताच सांगून ठेवा: १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा झाला आहे. २१ दिवसांच्या आत नोंद फुकट होते. तेवढं एक काम वेळेत झालं की पुढची दहा हेलपाट्यांची कामं वाचतात.

"आधार आणा"

सगळ्यात जास्त मुलं याच वाक्याला परत जातात. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही असं स्पष्ट केलं आहे. मग मुख्याध्यापक का मागतात? दुष्टपणाने नव्हे. शाळेला किती शिक्षक मिळणार हे ज्या संचमान्यतेवर ठरतं, तिथे पट मोजताना आधार जुळलेले विद्यार्थी धरले जातात. आधार नसलेलं मूल वर्गात बसतं, जेवतं, शिकतं, पण त्या मोजणीत दिसत नाही. हे कारण समजून घेतलंत तर भांडण टळतं. सरळ म्हणा: "प्रवेश आज द्या, आधारचं आम्ही मागे लागतो, फक्त प्रमाणपत्रावर तुमची सही हवी."

ही सही म्हणजेच खरी गुरुकिल्ली. आधारसाठी ठरावीक नमुन्यातलं, फोटो लावलेलं प्रमाणपत्र चालतं. त्यावर आमदार, नगरसेवक, राजपत्रित अधिकारी, मान्यताप्राप्त निवारागृहाचे प्रमुख किंवा मान्यताप्राप्त शाळेचे मुख्याध्यापक सही करू शकतात. पत्ता म्हणून शाळेचा किंवा निवारागृहाचा लिहिता येतो का, ते सही करणाऱ्याशी आधी बोलून घ्या. प्रमाणपत्र तीन महिनेच चालतं, तेव्हा सही झाली की त्याच आठवड्यात केंद्रावर जा. खाडाखोड, अर्धवट शिक्का, फोटोवर न आलेली सही, एवढ्याशा कारणाने अर्ज परत येतो. आईचं आधार असेल तर कुटुंबप्रमुख म्हणून तिच्या आधारवरून मुलाचं काढणं सोपं जातं. पाच वर्षांखाली काढलेलं असेल तर पाचव्या वर्षानंतर बोटांचे ठसे द्यावे लागतात. ते राहिलं तर आधार असूनही 'जुळत नाही' असं शाळेच्या संगणकावर दिसतं.

जनरल रजिस्टरमध्ये काय लिहिलं जातंय ते बघा

प्रवेश मिळाल्याच्या आनंदात सगळे उठतात आणि खरी चूक त्या पाच मिनिटांत होते. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेची प्रवेशाची नोंदवही. त्यातलं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात पुढे आयुष्यभर सोबत येतात. मूल शाळेत आहे तोवर दुरुस्ती होते, एकदा शाळा सोडली की फार जड जाते. बाईंनी लिहिलेलं पालकाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. 'राहुल' की 'राउल', बापाचं नाव 'शिवा' की 'शिवाजी', आडनाव पवार की काळे, हे तिथेच पक्कं करा आणि तेच आधारवर येऊ द्या.

जात लिहायची सक्ती नाही, पण लिहिणार असाल तर कुटुंब सांगतं तीच, नेमकी. पारधी कुटुंबाच्या मुलापुढे कोणी नुसतं 'हिंदू' लिहून मोकळं होतं आणि पंधरा वर्षांनी जातीचा दाखला काढताना तो मुलगा पुराव्यासाठी गावोगाव हिंडतो. पारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत. शाळेतली ती एक ओळ त्याच्या शिष्यवृत्तीचा पाया आहे.

पत्त्याच्या रकान्यात 'फुटपाथ' एवढंच लिहू देऊ नका. "रे रोड स्टेशन पूर्व, पुलाच्या जिन्याखाली, चहाच्या टपरीमागे" असं शिक्षकाला शोधत येता येईल असं लिहा. सोबत दोन मोबाइल नंबर द्या, एक पालकाचा आणि एक बदलत नाही असा, म्हणजे दुकानदाराचा किंवा कार्यकर्त्याचा, अर्थात त्याला विचारून. रस्त्यावरच्या लोकांची सिमकार्डं रिचार्जअभावी बंद पडतात, आणि मूल चार दिवस दिसलं नाही की बाईंच्या हातात तोच एक धागा असतो.

कुठल्या वर्गात

दहा वर्षांची मुलगी आयुष्यात प्रथमच शाळेत आली, तर तिला पहिलीत बसवायचं नाही. कलम ४ प्रमाणे तिच्या वयाच्या वर्गात, म्हणजे चौथी-पाचवीत प्रवेश आणि बरोबरीने विशेष प्रशिक्षण. ते किमान तीन महिने, गरजेप्रमाणे जास्तीत जास्त दोन वर्षं. शिकता शिकता चौदा वर्षं पूर्ण झाली तरी आठवी होईपर्यंत शिक्षण मोफतच राहतं.

इथे गडबड दोन प्रकारे होते. एक म्हणजे "काही येत नाही ना, पहिलीत बसू दे" म्हणतात. सहा वर्षांच्या पोरांत बसलेली दहा वर्षांची मुलगी महिन्याभरात शाळा सोडते, लाजेने. दुसरी जास्त फसवी: नाव पाचवीत घातलं जातं आणि विशेष प्रशिक्षण कागदावरच राहतं. ती मागच्या बाकावर बसून फळ्यावरची चित्रं उतरवावीत तशी अक्षरं उतरवते. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच विचारा की हिला शिकवणार कोण, कुठल्या तासाला आणि कधीपासून. आधी दुसरीकडे शाळेत जात असेल, अगदी गावाला किंवा परराज्यात, तर ते लपवू नका. जुन्या शाळेने युडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, दिलेला पेन नंबर (विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक) आणि तिथे लिहिलेली जन्मतारीख मिळाली तर नवी शाळा ऑनलाइन नाव ओढून घेऊ शकते. लपवलंत तर एकाच मुलाची दोन नावं तयार होतात आणि आधार जोडताना गुंता होतो.

नाही म्हणाले तर

तोंडी नकाराला काही किंमत नाही, म्हणूनच तो इतका सहज मिळतो. दोन प्रतींत अर्ज लिहून न्या. भाषा साधी असू द्या:

"माझी मुलगी (नाव), वय अंदाजे ९ वर्षे, आम्ही (खुणेसह ठिकाण) येथे राहतो. तिला आपल्या शाळेत तिच्या वयानुरूप वर्गात प्रवेश मिळावा. वयाचा व राहण्याचा पुरावा सध्या उपलब्ध नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ४, १४ व १५ नुसार विनंती. प्रवेश देता येत नसल्यास कारण कृपया लेखी द्यावे."

खाली अंगठा किंवा सही, तारीख. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि सही घ्या. शेवटचं वाक्य वाचल्यावर पुष्कळ ठिकाणी खुर्ची पुढे सरकवली जाते, कारण असं कारण लेखी देणं कोणालाच परवडत नाही.

तरीही अडलं तर त्या विभागाच्या प्रशासकीय अधिकारी (शाळा) यांच्याकडे तीच प्रत दाखवा, पुढे पालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे. प्रशासकीय अधिकाऱ्यांचा एक फोन अनेकदा महिन्याभराच्या पत्रव्यवहाराचं काम करतो, त्यामुळे लगेच बालहक्क आयोगाकडे धावू नका. कायद्याच्या कलम ३२ खाली महापालिकेकडे लेखी तक्रार केली तर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि तो पटला नाही तर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा मुलाखत घेतली तर पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, हे कलम १३ मध्ये आहे.

एक भीती पालक बोलून दाखवत नाहीत: शाळेत नाव दिलं तर "पोराला होममध्ये टाकतील", म्हणजे बालगृहात. सोबत सांभाळणारं माणूस असलेल्या मुलाचं शाळेत नाव घातलं म्हणून त्याला कोणी उचलून नेत नाही. बाल न्याय कायद्यातही संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानला आहे. पण मूल खरोखर एकटं असेल, मारहाण होत असेल, भीक मागायला लावत असतील, तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करायचा आणि बाल कल्याण समितीपुढे जायचं. तिथे शाळेचा प्रश्न दुसरा येतो, मुलाची सुरक्षा पहिली.

नाव घातल्यावर मूल टिकायला

पालिकेच्या शाळेत गणवेश, दप्तर, वह्या, बूट, छत्री धरून २७ वस्तू मोफत मिळतात. ऑगस्टमध्ये प्रवेश झाला असेल तर वाटप होऊन गेलेलं असतं. यादीत नाव चढवायला सांगा आणि तोवर गणवेश नाही म्हणून मुलाला बाहेर उभं करू नये हे बाईंशी बोलून ठेवा. दुपारचं जेवण आठवीपर्यंत आहे: पाचवीपर्यंत रोज १०० ग्रॅम धान्य, पुढे १५० ग्रॅम. रस्त्यावरच्या घरात चूल दिवसातून एकदाच पेटते, तेव्हा हजेरीचं खरं कारण बरेचदा हेच असतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

अंघोळीचा प्रश्न छोटा वाटतो, पण बरीच गळती तिथे होते. सार्वजनिक शौचालयाला पैसे पडतात, पाणी नसतं, मूल तसंच येतं आणि शेजारचा नाकाला हात लावतो. शाळा भरायच्या आधी पंधरा मिनिटं नळावर तोंड-हातपाय धुऊ द्यावं, गणवेशाचा एक जोड शाळेतच ठेवावा, एवढी सवलत मुख्याध्यापक खुशीने देतात. मागायला हवी.

गृहपाठ व्हॉट्सॲपवर येत असेल तर या घरात फोन नाही हे वर्गशिक्षकांना सांगा. वही रात्री शाळेतच राहिली तरी चालेल. तोडक कारवाईला पालिकेची गाडी येते तेव्हा भांडी, अंथरुण आणि कागद एकदमच जातात. म्हणून प्रत्येक कागदाचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये आणि झेरॉक्स शाळेच्या फाइलमध्ये असू द्या. पदपथावरच्या रहिवाशांचा प्रश्न १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तरी गाडी येते ती येतेच. कुटुंब हललं तर पहिल्या दोन दिवसांत शाळेला कळवा. ठिकाण लांबचं असेल तर दाखला मागा. मुख्याध्यापकांनी तो लगेच द्यायचा असतो. गावी जाऊन परत येणार असाल तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे मूल तिकडच्या शाळेत बसू शकतं. मूल महिनाभर आलं नाही तर ते शाळाबाह्य धरतात, पण म्हणून नाव कापता येत नाही. कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत कोणालाही शाळेतून काढता येत नाही.

आई-बाप दोन्ही नसतील, एकच असेल किंवा बेघर कुटुंब असेल, तर बालसंगोपन योजनेची चौकशी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे करा. महिन्याला २,२५० रुपये मिळतात. मुंबईत दोन जिल्हे आहेत, शहर आणि उपनगर. सायनपर्यंत शहर, पुढे कुर्ला-वांद्र्यापासून उपनगर. चुकीच्या जिल्ह्यात दिलेला अर्ज महिनोन् महिने पडून राहतो.

चौदा ओलांडलेल्या आणि दिवसा काम करणाऱ्या मुलांसाठी मुंबईत आठवी ते दहावीच्या रात्रशाळा आहेत. ज्याला वर्गात बसणंच जमत नाही त्याच्यासाठी राज्य मुक्त विद्यालयाची पाचवी आणि आठवी, किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून थेट दहावी. आणि जे मूल आठवीत आहे त्याचा एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, निकालाच्या दिवशीच हातात घ्या. आठवीनंतर कायद्याचं छत्र संपतं, पालिकेच्या बऱ्याच शाळाही तिथे संपतात, मेमध्ये ऑफिस बंद असतं आणि जूनमध्ये नववीच्या जागा भरलेल्या असतात.